बेलवाडीचा थांबा

मी एक जुना तिकीट-पंच आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. एसटीत कंडक्टरच्या हातात मशीन येण्याआधी कागदी तिकिटांना भोकं पाडण्याचं काम माझं होतं.

बारामती-इंदापूर गाडीवर कंडक्टर आबासाहेबांच्या मुठीत मी वीस वर्षं काढली. दांडीवर मला टकटक वाजवून ते थांबे पुकारायचे आणि पेंगणारी माणसं दचकून पिशव्या आवरायची. बायको फुलाबाई माहेरी निमगाव केतकीला निघाल्या, तरी त्यांचंही तिकीट फाडायचे. मग मशीन आलं आणि माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. राग आला होता मला, खोटं कशाला बोलू?

यंदा आबासाहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. कोणी काही विचारलं की फुलाबाईच घाईघाईनं उत्तर देत. "ह्यास्नी च्या नगं." "ह्यांची झोप झालीया." करत होत्या मायेनंच, पण आबासाहेब भिंतीकडे तोंड करून पडू लागले. व्यायामालाही तयार होईनात. आता हे कधीच बोलायचे नाहीत, असं घरानं धरून चाललं होतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मोना मॅडम म्हणाल्या, "आजी, आबांच्या कामातली एखादी जुनी वस्तू द्या. जुन्या आठवणी निघाल्या की कधी कधी शब्दही सापडतात."

फुलाबाईंनी आधी निवृत्तीच्या सत्काराची शाल आणली. आबासाहेबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग पेटीतून मी निघालो, चांगला गंजलेला. मॅडमनी मला आबासाहेबांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी अंगठ्यानं मला चाचपलं आणि खाटेच्या दांडीवर टक् केलं.

"आता थांबे सांगा, आबा," मॅडम म्हणाल्या.

ओठ हलले, पण आवाज फुटेना. फुलाबाईंना राहवलं नाही. "मी सांगते की! काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णं..."

टक्! टक्! टक्! आबासाहेब लालेलाल झाले होते.

फुलाबाई पुढे बोलणार, तोच मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. सगळे थांबले.

"बे... बेलवाडी," आबासाहेब म्हणाले. "बेलवाडी ऱ्हायलं."

"व्हय वो, ऱ्हायलंच की! चुकलं माजं," म्हणत फुलाबाई हसता हसता रडायला लागल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच नवऱ्यानं त्यांची चूक काढली होती. माझ्याही जिवात जीव आला.

आता उजव्या हातानं मला दाबायचा सराव रोज चालतो. कागदाला अजून अर्धंच भोक पडतं. बोलताना शब्द अडतात. फुलाबाई पदर तोंडाशी धरून थांबतात; ते त्यांना फार जड जातं.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं कोणी असेल. त्यांना जुनं काहीतरी विचारा, पण उत्तर तुम्ही देऊ नका. म्हातारं माणूस पायरी उतरून रस्त्याला लागेपर्यंत आबासाहेबांनी गाडी सोडायची डबल बेल कधी दिली नाही. तुम्हीही देऊ नका.