आतल्या अंगाची माणकं

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. बाहेरून पाहाल तर तांब्याचं साधं वेढं. पण माझ्या आतल्या अंगाला सोनं आहे आणि त्यात एकाला एक लागून, सगळ्या गोलाईभर बारीक माणकं बसवलेली आहेत. त्यांत पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं, हे मलाही सांगता यायचं नाही.

माझा जन्म नागपुरात, इतवारीच्या सराफ्यात झाला. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. शहराच्या महाल भागात सुताचं दुकान चालवणारे देवराव आपल्या बायकोला, देवकीला, घेऊन नत्थूजी सोनारांकडे आले. देवरावांना क्षय झाला होता. दुकानाची पायरी चढल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं दोघांनाही ठाऊक होतं. दम परत आल्यावर त्यांनी आईच्या तुटक्या हारातली माणकं काढून गादीवर ठेवली. अंगठीभर खडे हवेत, एवढंच त्यांनी सांगितलं.

नत्थूजींनी दोन नमुने दाखवले. एकात प्रत्येक खडा सोन्याच्या नख्यांनी वर उचलून धरलेला होता. चहूकडून उजेड शिरल्यामुळे तो पेटल्यासारखा दिसे. दुसरं बंद कोंदण. त्यात खड्याभोवती सोन्याची कड असते. चमक थोडी उणी, पण खडा जागचा हलत नाही.

"वहिनीच्या हाताले नख्याचंच काम शोभन," नत्थूजी म्हणाले.

देवकी खाली मान घालून बसली होती. "मले नको," ती म्हणाली. "आज घालाची, अन् मंग..."

त्या काळी, त्यांच्या घरात, नवरा गेला की बाईच्या बांगड्या फुटत, अंगावरचा दागिना उतरे आणि तांबडा रंग तर तिला कायमचाच वर्ज्य होई.

देवरावांनी नमुने बाजूला सारले. "नत्थूजी, खडे आतून बसवता येतीन का? वरून तांबं ठेवा. तांब्याचं वेढं कोणी उतरवाले लावत नाही."

नत्थूजींचा हात थांबला. "आत उजेड कुठून जाईन गा? माणिक दिसन कोणाले?"

"तिले माहीत राहीन. पुरे."

मग नत्थूजींनी बंद कोंदणच निवडलं आणि खडे सोन्याच्या बरोबरीने बसवले, बोटाला टोचू नयेत म्हणून. घडवून झाल्यावर त्यांनी मला आधी स्वतःच्या करंगळीत फिरवून पाहिलं. पुन्हा घासलं, पुन्हा फिरवलं.

थंडी सरता सरता देवराव गेले. बायकांनी देवकीला खोलीत बसवलं. दागिने उतरवायला देवरावांची थोरली बहीण यमुताई पुढे आली. परक्या हातांनी ते होऊ नये, असं तिला वाटलं असावं. बांगड्या गेल्या, मंगळसूत्र गेलं, जोडवी गेली. मग तिने मला धरलं.

"तांब्याचं आहे ते, राहू द्या," शेजारीण म्हणाली.

पण मी तोवर बोटातून निघाले होते. खिडकीच्या उजेडात यमुताईला माझं आतलं अंग दिसलं. आपल्या आईच्या हारातली माणकं तिने ओळखली नसती तरच नवल. तिने मूठ मिटली. देवकीने डोळे वर केले नाहीत. त्या वेळी माझी जी अवस्था झाली, ती मला शब्दांत सांगता येत नाही.

"तांब्याचंच आहे," यमुताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वातावर चांगलं असते." आणि तिने मला परत देवकीच्या बोटात सरकवलं.

त्या दोघी याविषयी पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. मी देवकीसोबत भांडी घासली, जात्याचा खुंटा धरला. काळी पडले. माझं कौतुक कुणी केलं नाही. दुपारी घर निजलं म्हणजे ती मला अंगठ्याने हळूहळू बोटाभोवती फिरवी, तेवढाच काय तो आमचा संवाद.

देवकी गेली तेव्हा घरच्यांनी मला फुटक्या तांब्या-पितळेच्या टोपलीत टाकलं. तांबट मोड घ्यायला येणार होता. यमुताई तिच्या दहाव्या-तेराव्याच्या दिवसांना आली होती. आता तिचंही कपाळ मोकळं होतं. "वहिनीचं वेढं कुठं आहे?" तिने विचारलं. कुणालाच सांगता येईना, तेव्हा म्हातारी स्वतः टोपलीपाशी बसली आणि एकेक भांडं उपसत गेली. मी सापडल्यावर तिने मला चिंचेने घासलं आणि आपल्या बोटात घातलं.

तिची नात शोभा मला निरखत होती. "आजी, खडे आतून काहून बसवले वं?"

यमुताईने तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाली, "तुह्या अंगठीले बाहेरून बसवजो. अन् कोणी काढाले आलं, तर हात देऊ नको."

मित्रांनो, जुनं तांबं मोडीत टाकण्याआधी एकदा आतून पाहत जा. मला जपलंत तर तुमचे उपकार होतील. पण माझ्यासारखी दुसरी अंगठी घडवायची वेळ कुणावर येऊ देऊ नका.