लाल बाटली, स्वच्छ बाटली

जुन्या व्यायामशाळेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीखालच्या लांबलचक कट्ट्यावर काचेच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी आणि प्रत्येकीत त्या त्या माणसाची लघवी. एरवी कोणीही नाक दाबून पळालं असतं, पण इथे तीनशे माणसं त्या बाटल्यांकडे डोळे लावून बसली होती, जणू आत अमृतच भरलंय.

"रोग कुठे असतो?" बाटलीबाबांनी विचारलं. भक्त त्यांना गुरुजी म्हणत. बाटलीबाबा हे नाव हॉलबाहेरच्या टवाळांनी ठेवलेलं.

"आत!" हॉल गरजला.

"डॉक्टर तो कसा काढतात?"

"कापून!"

"आणि आपण?"

"धुऊन!"

"शाब्बास! तीन दिवस माझी गोळी रोगाला पकडते, लाल करते, बाहेर ढकलते. चौथ्या दिवशी पाणी स्वच्छ! हीच गोळी निरोगी माणसाने घेतली तर काही म्हणता काही होत नाही. मळच नाही, तर निघणार काय?"

पुरावा म्हणून त्यांचा चेला शेजारी उभा होता. त्याने सकाळी सगळ्यांदेखत एक गोळी गिळली होती आणि त्याची बाटली नितळ होती. मग बाबांनी पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या अप्पांच्या चार बाटल्या उचलल्या. पहिली लालभडक, दुसरी लाल, तिसरी लाल. चौथी उन्हात धरली, तर पलीकडची खिडकी दिसावी इतकी स्वच्छ. टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा उभे राहिले आणि त्यांनी शेजारी डोळे पुसत बसलेल्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "हिच्यामुळे वाचलो," ते म्हणाले.

मागच्या भिंतीला टेकून त्यांची मुलगी हे बघत होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ती शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती, आणि तेही नेमक्या मूत्रमार्गाच्या कर्करोगाच्या विभागात. मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट, सगळे रोगी तिच्या हाताखालून जात. सोळा वर्षं परक्या माणसांना ती धीर देत आली होती. आणि तिच्या स्वतःच्या बापाला लघवीतून रक्त गेलं, तेव्हा त्याने ते सांगितलं कोणाला? सुनेला! लेकीला पंधरा दिवसांनी कळलं, तेही वहिनीच्या फोनवरून. "वन्सं, घाबरू नका हं," असं वहिनी म्हणाली होती. जिने सोळा वर्षं हेच काम केलं, तिला हिने सांगावं की घाबरू नका!

तिने अप्पांना विभागात नेलं. मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. मूत्राशयात फ्लॉवरच्या तुऱ्याएवढी गाठ होती. "दिसायला वरवरची आहे," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीतूनच खरवडून काढू, पोट उघडायचं नाही. तपासणीत खोल गेलेली नाही असं ठरलं, तर मूत्राशयात औषध सोडायचं आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. उशीर मात्र नको." गुरुवारची तारीख मिळाली होती, पण मधल्या दिवसांत वहिनीने त्यांना बाबांकडे नेलं. आणि आता ही चौथी बाटली.

घरी आल्या आल्या तिने तोंडाचा पट्टा सोडला. "अप्पा, गुरुवारी यायचंय. तो भोंदू आहे."

"गुरुवार रद्द," अप्पा म्हणाले. "डोळ्यांनी बघितलंय मी. तीन दिवस लाल, आणि आज एक थेंब लाल नाही."

"हे सगळं हिच्यामुळे!" ती वहिनीकडे वळली. "दादा बाहेरगावी असतो, म्हणून हिचंच राज्य. अप्पांचं दुखलं-खुपलं हिला कळायला हवं, देवाधर्माला हिनेच न्यायला हवं, शाबासकी हिलाच! मी कोण लागते? दवाखान्यातली बाई!"

वहिनीचा चेहरा पडला. अप्पा शांतपणे म्हणाले, "पोरी, तुला सूनबाईचा हेवा वाटतो. त्या माणसाबद्दल तू काय बोलतेस ते मी म्हणूनच कानाआड करतोय."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ती आतल्या खोलीत जाऊन धुतलेल्या कपड्यांच्या ढिगासमोर बसली. राग आला की तिला घड्या घालायची सवय होती. अप्पांच्या पायजम्याची घडी घालताना तिचा हात थांबला. पुढच्या बाजूला डाग होता. धुऊनही गेला नव्हता, आणि रंग होता झगझगीत नारिंगी.

रक्ताचा डाग धुतला की तपकिरी होतो, हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. आणि हा नारिंगीही तिच्या ओळखीचा होता. लघवीला जळजळ होते त्यांना विभागात एक गोळी देतात. ती घेतली की कोणाचीही लघवी नारिंगी-लाल होते. पहिल्यांदा घेणारे घाबरून घंटा वाजवतात, आणि चादरींवरचे डाग काही केल्या निघत नाहीत.

"वहिनी!" तिने हाक मारली. "त्या गोळ्या उरल्यात का?"

"तीन आहेत. प्रसाद म्हणून ठेवल्यात. पण तुम्हाला कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिने एक गोळी दवाखान्यातल्या औषधवाल्याकडे नेली. त्याने ती पाण्यात विरघळवली, शेजारी आपल्याकडची जळजळीची गोळी विरघळवली, दोन्ही तपासून पाहिल्या आणि हसला. "वरचा लेप खरवडून गुळात घोळलीय, बाकी आपलीच गोळी." संध्याकाळी ती घरी आली आणि उरलेल्या दोनातली एक तिने वहिनीसमोर तोंडात टाकली.

"मला काही रोग नाही. बघू, काय होतं ते."

वहिनीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही बाटलीत काहीतरी मिसळाल. राग आहे तुमचा माझ्यावर. मी पण घेणार."

"घे की! फक्त रंग आहे, एका गोळीने काही होत नाही."

दोघी तांब्याभर पाणी पिऊन समोरासमोर बसल्या. नणंद-भावजय इतका वेळ एका खोलीत न भांडता बसल्याचं त्या घराला आठवत नव्हतं. दोन तासांनी आधी सिस्टर उठली आणि बाटली घेऊन बाहेर आली. लाल. मग वहिनी गेली. बराच वेळ दार उघडेना. उघडलं तेव्हा तिच्या हातातली बाटली लालभडक होती.

"वन्सं," ती दाराची चौकट धरून म्हणाली, "म्हणजे मलाही?"

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ही बाई तिच्यासमोर घाबरलेली, लहान झालेली दिसत होती आणि ते तिला गोड वाटलं. अगदी एक श्वासभर तिने ते चाखलं. मग तिची तिलाच लाज वाटली.

"काही झालेलं नाही तुला," तिने वहिनीला धरून बसवलं. "मलाही नाही. गोळीच रंगाची आहे. कोणीही घ्यावी आणि लाल व्हावं. थांबवली की स्वच्छ."

"आणि तो चेला?"

"त्याची गोळी दुसऱ्या डबीतली असणार. साखरेची."

वहिनीने दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. मग एकदम म्हणाली, "पण वन्सं, अप्पांना रक्त तर गोळीच्या आधी जात होतं. ते कसं थांबलं?"

प्रश्न नेमका होता. हा प्रश्न अप्पांच्या लेकीला नाही, सुनेला पडला, याचाही सिस्टरला थोडा हेवा वाटला. "या रोगात रक्त येतं-जातं. दुखत नाही. दोन दिवस जातं, महिनाभर थांबतं. ते आपोआप थांबलं आणि बाबाने श्रेय घेतलं. चल, अप्पांना दाखवू."

सकाळी दोघींनी अप्पांना जवळजवळ उचलूनच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नेलं. लॅबवाल्याने दोघींच्या लाल बाटल्यांतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि अप्पांना बघायला सांगितलं.

"काहीच दिसत नाही," अप्पा म्हणाले.

"कारण रक्त नाहीच. आता हे बघा. ही तुमची आज सकाळची, स्वच्छ."

अप्पा वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. "हे गोल गोल काय आहे? किती आहेत!"

"रक्ताच्या पेशी, अप्पा," लेक म्हणाली. "डोळ्यांना दिसतील इतक्या नाहीत, पण आहेत. गाठ जिथल्या तिथेच आहे."

अप्पांनी चाळीस वर्षं नळ दुरुस्त केले होते. ते स्टुलावर बसले आणि स्वतःवरच चिडले. "गळती आपोआप थांबली तर मी गिऱ्हाइकाला सांगायचो, खूश होऊ नका, भिंत फोडून बघू. आणि स्वतःच्या वेळी..." त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग लेकीकडे. "गुरुवार अजून आहे का?"

"आहे. मी रद्द केलाच नव्हता."

बुधवारी हॉल पुन्हा भरला. सिस्टरने भाषण पाठ केलं होतं, पण हॉलमध्ये दवाखान्याच्या बाईचं ऐकणार कोण? उठली वहिनी. पदर खोचून ती थेट कट्ट्याजवळ गेली आणि दोन लाल बाटल्या ठेवल्या.

"गुरुजी, ही माझी आणि ही माझ्या नणंदेची. तुमची गोळी घेतली."

बाबांनी मान हलवली. "दोघींनाही रोग आहे, बाळ. वेळेवर आलात."

"मग एक उपकार करा. तुमच्याच डबीतली एक गोळी तुम्ही घ्या. या रोग्यांच्या डबीतली, चेल्याच्या नाही. पाणी मी आणलंय. दोन तास बसतो आम्ही, आम्हाला घाई नाही."

हॉलमध्ये हसू फुटलं. बाबा म्हणाले, आज आपला उपवास आहे. "गोळीने उपवास मोडत नाही!" मागून कोणीतरी ओरडलं. बाबा म्हणाले, आपण मौन धरणार आहोत. "धरा की, गिळायला बोलावं लागत नाही!" कोणीतरी चेल्याकडे डबी नेली, तेव्हा तो मागच्या दाराकडे सरकला. मग एका म्हाताऱ्याने स्वतःच्या धडधाकट मुलाला गोळी दिली, आणि दोन तासांनी जे व्हायचं तेच झालं. बाबांचं मौन खरोखरच लागलं.

लोक वहिनीभोवती जमले. "काय धाडस बाई तुमचं!" सिस्टर एका बाजूला उभी राहून ऐकत होती. रंग ओळखला तिने, गोळी तपासून आणली तिने, आणि हार वहिनीच्या गळ्यात. पोटात जळलं, नाही असं नाही. पण वहिनीनेच तिचा हात धरून तिला पुढे ओढलं. "यांना विचारा. मला यातलं काही कळत नाही."

मग तिने सरळ सांगितलं. "लघवीत एकदा जरी लाल दिसलं, दुखत नसलं, दुसऱ्या दिवशी थांबलं, तरी तज्ज्ञाला दाखवा. कधी तो साधा खडा नाहीतर संसर्ग निघेल आणि तुम्ही हसत घरी जाल. पण थांबलं म्हणजे बरं झालं, असं ठरवू नका. ठरवायचं काम तपासणीचं आहे, बाटलीच्या रंगाचं नाही. आणि जो माणूस आपली गोळी आपणच घ्यायला घाबरतो, त्याच्या हातात बापाचा जीव देऊ नका."

गुरुवारी अप्पांची गाठ निघाली. नंतर अहवाल आला: खोल गेलेली नव्हती. औषध सोडायच्या तारखा वहिनीने भिंतीवर लिहून ठेवल्या.

पुढच्या सोमवारी विभागात एक जोडपं आलं. बाटलीबाबांच्या कट्ट्यावर या माणसाची बाटली आठ महिन्यांपूर्वी स्वच्छ झाली होती, आणि तेव्हापासून त्याने दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं. डॉक्टरांनी दुर्बीण बाहेर काढली आणि हातमोजे उतरवले. गाठ मूत्राशयाच्या भिंतीत उतरली होती. आता मूत्राशय काढावं लागेल, आणि तेवढ्याने भागेल का, हेही तपासल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. सिस्टर पाणी घेऊन गेली. बाईने पेला हातात धरला, पण प्यायली नाही.

"तुमचे वडील वेळेवर आले, ऐकलं मी. घरात भांडायला दोघीजणी होत्या म्हणे." ती सिस्टरकडे बघत राहिली. "आम्ही त्या दिवशी पेढे वाटले हो. यांच्याशी कोणीच भांडलं नाही. तुमचा हेवा वाटतो मला."

सिस्टर तिच्या शेजारी बसली. पेला धरलेल्या त्या हातांवर तिने आपला हात ठेवला, आणि आतून घंटा वाजली तरी ती उठली नाही.