चौथा गडी

मास्तरांच्या घरात पॅडल नावाचा खेळ आला तो थोरलीमुळे. थोरली म्हणजे त्यांची पंचविशीची मुलगी. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात ती नोकरी करायची. तिथल्या लोकांबरोबर दोन-तीनदा खेळून आली आणि एका रविवारी दुपारी जेवताना म्हणाली, "या खेळाला चौघं लागतात. दोन इकडे, दोन तिकडे. आणि आपण बरोब्बर चौघं आहोत."

"माझे गुडघे बघितलेस का?" आई म्हणाली. ती एका औषधाच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असायची.

"अगं, फार पळावं लागत नाही. काचेच्या पेटीतलं टेनिस समज. चेंडू मागच्या काचेवर आपटून परत येतो. म्हणजे एकदा हुकला तरी मारायची आणखी एक संधी मिळते."

"म्हणजे आईसाठीच काढलाय हा खेळ," धाकटा म्हणाला. तो कॉलेजात होता आणि जीभ त्याची सुरीसारखी. "एकदा बोलून झालं की तेच परत बोलायची सोय."

सगळे हसले. मास्तरही हसले. धाकटा काय म्हणाला ते त्यांना कळलं नव्हतं. बाकीच्यांचे चेहरे फुलले की आपलाही फुलवायचा, हे त्यांना आता इतकं अंगवळणी पडलं होतं की क्षणाचाही उशीर होत नसे.

मास्तर हे त्यांना कामावर पडलेलं नाव. एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात ते अठ्ठावीस वर्षं होते. वर्षातले दहा महिने अंगाची लाही करणारं ते शहर. अशा ठिकाणी इस्पितळ चालतं ते डॉक्टरांच्या जोरावर जितकं, तितकंच तळघरातल्या चिलरच्या जोरावर. हत्तीएवढी चार यंत्रं पाणी गार करायची आणि पंप ते पाणी सात मजले वर ढकलायचे. मास्तर त्या यंत्रांचे राखणदार. कानात घालायची रबरी बोंडं त्यांना पहिल्या दिवसापासून दिलेली होती, पण ती खणातच राहिली. बोंडं घातली की यंत्राची नाडी कळत नाही, असं ते म्हणायचे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती होती.

यंत्रांनी त्याची पुरेपूर वसुली केली. बारीक, उंच आवाज आधी गेले. दाराची घंटी गेली, फोनची गेली. मग बायकांचे आवाज उसवत गेले. शब्दांचे मधले भाग ऐकू यायचे, कडा यायच्या नाहीत. पुरुषांचे जाडे आवाज, ट्रकचे हॉर्न, पंपांची घरघर, हे सगळं शाबूत होतं. त्यामुळे आपण बहिरे होत चाललोय, असं कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. स्वतःलाही त्यांनी ते नीटसं सांगितलं नव्हतं. बायको म्हणायची, "यांच्याशी बोलणं म्हणजे या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं." मास्तर म्हणायचे, "हो, हो."

मैदानावर शनिवारी सकाळी सहाची वेळ मिळाली. त्यानंतर ऊन चढलं की त्या काचा तव्यासारख्या तापायच्या. थोरली आणि मास्तर एका बाजूला, मायलेक दुसऱ्या बाजूला. पहिल्या दिवशी आईने तीन चेंडू जाळीबाहेर मारले आणि धाकट्याने प्रत्येक चेंडू आणायला जाताना तिला नमस्कार केला. पण सगळ्यांना चकित केलं मास्तरांनी. काचेवरून चेंडू कुठल्या कोनात येणार, किती येणार, हे त्यांना दिसायचं. ते घाई करत नसत. चेंडूला काचेवर जाऊ द्यायचे, परत येऊ द्यायचे आणि मग बॅटीने नुसतं वळवून पलीकडे सोडायचे.

"बाबा, तुम्ही लपून खेळून आलात का कुठे?" थोरली त्यांच्यासमोर येऊन म्हणाली. समोरून बोलल्यामुळे त्यांना ते पुरतं कळलं.

"अगं, पाइपातलं पाणी असंच वळतं," ते म्हणाले.

त्या दोन महिन्यांतल्या शनिवारांइतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. त्या पेटीत कुणी लांबलचक बोलत नसे. जे काही घडायचं ते डोळ्यांसमोर घडायचं. आणि त्यांच्यावाचून खेळ होऊच शकत नव्हता. शुक्रवारी थोरली त्यांच्या दंडाला हात लावून विचारायची, "उद्या येताय ना?" तळघरात जिना उतरतानाही त्यांना तो हात आठवायचा.

नवव्या शनिवारी धाकट्याने एक चेंडू उंच उडवला. तो दोघांच्या मधोमध, मागच्या काचेकडे निघाला. मास्तर चेंडूवर नजर ठेवून मागे मागे सरकले, बॅट उचलली आणि जोरात फिरवली. बॅट चेंडूला लागली नाही. काहीतरी मऊ आणि टणक असं एकदमच लागलं. ते वळले तेव्हा थोरली खाली बसली होती आणि तिच्या बोटांमधून रक्त येत होतं.

भुवई फाटली होती. आईने स्वतःचा टॉवेल दाबून धरला. गाडीत थोरली आणि आई मागे बसल्या, धाकटा मास्तरांच्या शेजारी. मागे काहीतरी बोलणं चाललं होतं. मास्तरांना नुसती गुणगुण कळत होती. आरशात त्यांना मुलीचे ओठ हलताना दिसले, मग बायकोचे. मग धाकटाच त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "बाबा, ताई काय विचारतेय? तीनदा ओरडली ती. माझा, माझा, सोडा बाबा, म्हणून. पलीकडे मला ऐकू आलं. तुम्ही का नाही सोडलात?"

सांगायचं असतं तर ती वेळ होती. सिग्नल लाल होता, गाडी उभी होती, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांच्या तोंडून निघालं, "मला वाटलं, मीच मारावा. मारला असता तर जिंकलो असतो."

"जिंकायचं काय त्यात?" आई म्हणाली. एवढं मात्र त्यांना नेमकं ऐकू आलं.

भुवईला चार टाके पडले. थोरलीने त्यांना एका शब्दानेही दुखावलं नाही. तीन आठवड्यांनी ती परत खेळायला निघाली, तेव्हा दारात बूट घालताना म्हणाली, "बाबा, तुम्ही आज आराम करा. माझ्या ऑफिसातला एकजण येतोय." हे तिने अगदी सावकाश, त्यांच्याकडे बघून सांगितलं. चुकून ऐकू आलं नाही, असं म्हणायलाही जागा ठेवली नाही.

पुढच्या शनिवारांना मास्तर कामावर जादा पाळी घेऊ लागले. एकदा पाळी मिळाली नाही, म्हणून ते चालत चालत मैदानाकडे गेले आणि काचेच्या बाहेर जरा लांब उभे राहिले. आत ऑफिसातला तो चष्मेवाला पोरगेलासा गृहस्थ त्यांच्या जागेवर खेळत होता. बरा खेळत होता. थोरली हात वर करून काहीतरी ओरडली आणि तो तिथल्या तिथे थांबला, बाजूला झाला. तिने चेंडू मारला. नंतर आई काहीतरी बोलली आणि ती चौघं बॅटींवर टेकून हसत राहिली. बाहेर बाकावर बसलेला एक माणूसही त्या बोलण्याला हसला. म्हणजे बाहेरही ऐकू येत होतं. मास्तर घरी आले, बायकोने रात्री धुतलेले कपडे दोरीवर वाळून कडक झाले होते, ते त्यांनी घडी घालून ठेवले. बायको परत आली तेव्हा घड्या बघून तिने काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "हो, हो." ती एक क्षण थांबली आणि आत निघून गेली.

गोष्ट उघडी पडली ती कामावर. दोन नंबरचा पंप सकाळपासून बारीक किंचाळत होता. वरच्या मजल्यावरून खाली आलेल्या वायरमनलासुद्धा जिन्यात ते ऐकू आलं. मास्तर मात्र त्या पंपापासून चार हातांवर बसून नोंदवहीत तापमान लिहीत होते. अकरा वाजता पंप जाम झाला. दुसरा सुरू होऊन पाणी वर पोचेपर्यंत वीस मिनिटं शस्त्रक्रियेची खोली तापत राहिली. रोग्याला काही झालं नाही. पण देखभाल विभागाच्या इंजिनिअर बाई जातीने खाली आल्या. मास्तरांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण त्यांच्याच हाताखाली काम शिकलेल्या.

मास्तर पंप उघडत होते, पाठ दाराकडे. खांद्यावर हात पडला तेव्हा ते दचकले.

"मास्तर, मी दारापासून हाका मारत आलेय," बाई म्हणाल्या.

बाईंनी हातातला कागद पंपावर ठेवला, त्यांच्यासमोर आल्या आणि शब्द सुटे सुटे करत म्हणाल्या, "किती वर्षं झाली?"

"अकरा," मास्तर म्हणाले. इतकी वर्षं न मोजलेला आकडा कसा पटकन तोंडात आला याचं त्यांनाच नवल वाटलं.

कानांची तपासणी त्याच इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर झाली. कपाटाएवढी एक खोली, भिंतींना मऊ गादी, कानांवर हेडफोन आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. पंखा नाही, यंत्र नाही. इतकी शांतता मास्तरांनी उभ्या जन्मात बघितली नव्हती. ते वाट बघत बसले. बराच वेळ गेला तसं त्यांना वाटलं, आता आवाज होऊन गेला असणार. त्यांनी दाबलं. मग थोड्या वेळाने परत दाबलं.

तपासणारी मुलगी दार उघडून आत आली. "काका, आवाज नसताना दाबताय तुम्ही. ऐकू नाही आलं तर नाही दाबायचं. त्यात काही चूक नाही."

मास्तरांना त्या खोलीत रडू आलं. हेडफोन काढून त्यांनी डोळे पुसले, परत चढवले आणि मग खरोखर ऐकू येईल तेव्हाच बटण दाबलं. ते फार थोड्या वेळा दाबावं लागलं.

घरी त्यांनी तपासणीचा आलेख टेबलावर ठेवला. डावीकडून निघालेली रेघ मध्यावर येऊन जिन्यासारखी खाली उतरत गेली होती. थोरलीला नकाशे वाचायची सवय. तिने तो बराच वेळ बघितला.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला ऐकूच नव्हतं आलं?"

"नाही."

"मग जिंकायचं होतं असं का म्हणालात? मला इतके दिवस वाटतंय, माझ्या बाबांना माझ्यापेक्षा पॉइंट मोठा होता!"

"ते म्हणायला सोपं वाटलं," मास्तर म्हणाले.

थोरली रडली आणि तिने त्यांचा हात धरला. धाकटा खुर्चीत चुळबुळत बसला. पण बायको जागची हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "दुकानातून यायचे, काही सांगायला लागायचे आणि तुम्ही हो हो करून टीव्हीकडे बघायचात. मला वाटायचं, आपलं बोलणंच कंटाळवाणं आहे. शेवटी मी सांगायचंच सोडलं. तुम्हाला कळलं तरी का, मी कधी सोडलं ते?"

मास्तरांना ते कळलं नव्हतं.

महिन्याभराने कानामागे बसणारी दोन यंत्रं आली, बदामाएवढी. पहिल्या दिवशी त्यांना पिशवीचा चुरचुर आवाज ऐकू आला, स्वतःच्या चपलांचा आला, नळाचा आला. घरात मात्र कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. कुणाचा राग नव्हता त्यात. सवयच मोडली होती. थोरली आईला सांगायची, धाकटा थोरलीला, आणि बाबांना फक्त निरोप मिळायचा: गाडीची किल्ली कुठे आहे, उद्या पाणी येणार नाही. आता ते सगळं ऐकू येत होतं आणि कळत होतं, की आपल्यावाचून इथलं काहीच अडत नाही. दोन-तीनदा त्यांनी मध्येच काहीतरी विचारलं. तेव्हा सगळे एकदम थांबले, त्यांच्याकडे वळले आणि पाहुण्याला द्यावं तसं मोठ्या आवाजात उत्तर दिलं. ते विचारायचे थांबले.

उन्हाळा सरता सरता चष्मेवाल्याची बदली झाली आणि थोरलीने शुक्रवारी विचारलं, "बाबा, उद्या?"

या वेळी मास्तरांच्या बाजूला बायको होती. थोरलीनेच तशी वाटणी केली. घामाने यंत्रं भिजू नयेत म्हणून मास्तरांनी कपाळाला पट्टा बांधला होता. काचेवरचा चेंडू आता फटाक्यासारखा वाजत होता आणि त्यांचं गणित दर खेपेला चुकत होतं. सोपे सोपे चेंडू हुकले. मुलं मुद्दाम हळू मारत होती, तेही त्यांना कळत होतं. पाचव्या-सहाव्या चुकीला बायको त्यांच्यामागे, चेंडू उचलताना, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "खांबाला बॅट बांधली असती तर परवडलं असतं."

मास्तर वळले. "ऐकलं मी."

बायको चपापली. मग हसली, आणि मग तिचं हसू मावळलं. "म्हणजे आता जपून बोलायला हवं," ती म्हणाली. आणि उरलेला डाव ती खरंच काही बोलली नाही.

पाणी प्यायला थांबले तेव्हा मुलं बाहेर नळापाशी गेली. ती दोघं बाकावर बसली, मध्ये दोन बॅटी. बायको पायातला मोजा वर ओढत, कुणाला सांगतेय याकडे लक्ष नसल्यासारखी म्हणाली, "काल दुकानात एक बाई आल्या होत्या..." आणि थांबली. "जाऊ दे. विशेष काही नाही."

"सांग," मास्तर म्हणाले.

"नाही हो. तुम्हाला काय त्यात."

"मी ऐकतोय."

तिने त्यांच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी इतकं निरखून बघितलं. पण तेवढ्यात मुलं परत आली, दाराबाहेर पुढच्या वेळेची मंडळी येऊन उभी राहिली, आणि ऊन काचेवर पुरतं चढलं होतं. गाडीत ती मागे बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

संध्याकाळी मास्तरांनी स्वतःहून विचारलं, "त्या बाईंचं काय झालं?"

"कुठल्या बाई?" ती म्हणाली. मग आठवून, "अहो, काही नाही," म्हणत कपाट आवरू लागली. मास्तर दारापाशी स्टूल घेऊन बसले. कपाटाचे दोन कप्पे आवरून झाले तरी ते उठले नाहीत. तिसऱ्या कप्प्याला, पाठमोरीच, ती हळू आवाजात सांगू लागली. मधले काही शब्द निसटले. मास्तर स्टूल थोडं पुढे सरकवून ऐकत राहिले.