चादरीचा कोपरा

मावशींनी चादरीचा कोपरा बोटांनी चाचपला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. गादीखाली दुमडलेली ती तिरपी घडी त्यांची स्वतःची होती. प्रसूतीच्या वॉर्डात हेडसिस्टर म्हणून जन्म काढलेली बाई आपल्या हातची घडी ओळखणार नाही तर कोण? निर्वासितांचं हे कुटुंब या घरात यायच्या आदल्या दिवशी त्यांनी पलंग तयार केला होता. त्याला दीड महिना होत आला, आणि घडी अजून जागच्या जागी.

"या पलंगावर कोण झोपतं?"

सून दाराशी उभी होती, एक हात पोटावर, एक कमरेवर. तिला आठवा लागला होता. इथली भाषा ती छावणीतच शिकली होती. थोडं बोलायची, पण नेमकं.

"कुणी नाही."

"आणि तू?"

तिनं दाराआडच्या वळकटीकडे पाहिलं.

मावशींचा पारा चढला. लढाईतून जीव वाचवून आलेल्या कुटुंबाला नव्या गावात रुळायला मदत करायची, एवढंच संस्थेनं त्यांना सांगितलेलं काम. बस कुठून सुटते, दवाखाना कुठे, नळ गळायला लागला तर कुणाला फोन करायचा. पण अर्धवट काम मावशींच्या स्वभावात नव्हतं. सुनेचं ब्लडप्रेशर त्या दर खेपेला स्वतः मोजत, आणि ते हट्टानं वर चढत होतं. पाय सुजले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, पलंगावर डाव्या कुशीला भरपूर विश्रांती. पुढच्या तपासणीत उतार पडला नाही, तर दाखल करावं लागेल, बाळाला धोका आहे. आधीचं मूल इकडे येताना वाटेतच गेलं होतं. सुनेनं ते एकदाच सांगितलं होतं, आणि पुन्हा विचारायची मावशींची छाती झाली नव्हती.

"गार फरशीवर झोपतेस? अगं, मी इतके दिवस भिंतीशी बोलत होते का?"

त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. सासू भाजी निवडत बसली होती, ती गडबडून उठली. मावशींनी कपाट उघडलं. संस्थेनं दिलेली ताटं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती तशीच होती. ओट्यावर पोचे आलेल्या तीन थाळ्या, छावणीतून आणलेल्या: सासूची, सुनेची आणि कामावर गेलेल्या मुलाची.

"हे काय चाललंय? वापरायला दिलंय ना सगळं?"

सासूसुनेची नजरानजर झाली.

"ज्यांचं घर आहे," सून म्हणाली, "ते परत आले तर?"

"कोण परत येणार?"

सून आत गेली आणि खिडकीत ठेवलेला एक चष्मा घेऊन आली. रुमालात जपून ठेवलेला, काचा लख्ख पुसलेल्या.

"पलंगाच्या खणात होता. मागे अडकलेला. चष्मा कोण विसरतं? घाईत निघालेला माणूस."

जाड काळी फ्रेम, उजव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. दोरा मावशींनीच गुंडाळला होता. दवाखान्यात यजमान सारखा चष्मा मागत होते, आणि मावशींनी घर पालथं घातलं होतं. शेवटी नवा करायला टाकला. तो तयार होऊन आला तेव्हा घालायला माणूस उरला नव्हता.

सून बोलतच होती. "आमच्या घरात आता दुसरे लोक राहतात. शेजारणीनं फोनवर सांगितलं. माझ्या पलंगावर झोपतात, माझ्या ताटात जेवतात. सासूबाई रोज त्यांना शिव्या देतात." तिनं चष्मा मावशींच्या हातात दिला. "मग आम्ही तेच कसं करायचं? त्या म्हणतात, इथले लोक परत येतील तेव्हा त्यांना सगळं जसंच्या तसं मिळालं पाहिजे."

मावशी स्टुलावर बसल्या. रागाचा कुठे पत्ताच राहिला नव्हता.

"इथून कुणी पळून गेलेलं नाही, पोरी. घर रिकामंच होतं. संस्थेनं घराघरांतून सामान गोळा केलं. ताटं एकाची, पडदे दुसऱ्याचे."

"आणि पलंग?"

पलंग न्यायला आलेल्या संस्थेच्या टेम्पोवाल्याला त्यांनी 'जागा अडवतो मेला' एवढंच सांगितलं होतं.

"माझा."

"चष्मा?"

"आमच्या यजमानांचा. वारले ते." मावशींनी काडीवरच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "कुणीही परत येणार नाहीये."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. भेटायला येणारेच त्यांच्या वतीनं बोलून घेत आणि चहा पिऊन जात. आता ते तोंडातून निघालं, तशा त्यांनी चष्म्याच्या लख्ख काचा पुन्हा पुसायला घेतल्या.

सुनेनं सासूला सगळं सांगितलं. सासूनं हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला.

"त्या म्हणतात, मग तुम्ही कुठे झोपता?"

"हॉलमध्ये. सोफ्यावर."

"तेव्हापासून?"

"टीव्ही बघता बघता डोळा लागतो, मग कोण उठतंय."

सासू काहीतरी पुटपुटली. सुनेला हसू आलं, तिनं तोंडावर हात धरला.

"काय म्हणाल्या? सांग, सांग."

"म्हणाल्या, आणि ही बाई आम्हाला नव्या घरात राहायला शिकवते."

मावशींनाही हसू फुटलं. टोला बरोबर वर्मी बसला होता. डोळे पुसायला ते हसणं बरं पडलं.

"बरं, आता तरी झोपशील ना पलंगावर?"

"आमच्याकडे असं नसतं," सून म्हणाली. "देणारा आधी बसतो. तो बसला, की मग पलंग आपला."

पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा मावशींचा वॉर्डातला पहिला नियम. किती पोरींना त्यांनी त्यावरून रडवलं होतं. त्या खोलीत गेल्या आणि पलंगावर बसल्या. नेहमीसारख्या खिडकीकडच्या बाजूला. दुसरी बाजू सवयीनं मोकळी सोडली.

सून त्या मोकळ्या जागी आडवी झाली, डाव्या कुशीला वळली, आणि तिनं असा काही श्वास सोडला, की मावशींना वॉर्डातल्या बाळंत होऊन सुटलेल्या बायका आठवल्या. तिनं पाय ताणले तशी चादर ओढली गेली आणि कोपऱ्याची घडी सुटली. मावशींनी तिचं मनगट हातात घेतलं. सवयीनं त्या नाडी मोजायला लागल्या आणि मध्येच आकडा विसरल्या. तोवर सून झोपलीसुद्धा.

स्वयंपाकघरात वर्तमानपत्राचे कागद चुरचुरत होते. एकेक ताट बाहेर निघत होतं.

थोड्या वेळानं सासू आली. तिनं वळकटीतली गोधडी सोडून सुनेच्या अंगावर घातली. मग मावशींच्या खाली लोंबणाऱ्या पायांकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, वर घ्या.

मावशींनी चष्मा उशाशी ठेवला आणि पाय वर घेतले.