पाच मैलांची हद्द

"एमस, त्या कागदाकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि सांग, जाऊ की नको?"

हॅनामावशी टेबलापलीकडे उभी होती. हातात काळी कातडी पिशवी, डोक्यावर कामावर जाताना बांधायची ती टोपी. मंगळवारची सकाळ होती, गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. १९१५ चा मे महिना. मी इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या कार्लबीच्या पोलीस चौकीत सार्जंट होतो.

"काय झालंय ते तर सांगा," मी म्हणालो.

"नेलीला कळा लागल्यात. दूधवाला निरोप घेऊन आला. मूल पायाळू आहे, मागच्या खेपेला मी हातांनी चाचपून आले होते. थॉर्नडेलचा डॉक्टर सैन्यात गेला. तिथं उरलीय ती म्हातारी सुईण टॉर्डॉफ. तिला धड दिसतही नाही. मला परवाना दे."

नेली तिच्या बहिणीची मुलगी. बहीण गेल्यावर मावशीनंच तिला वाढवलं. स्वतःला मूलबाळ झालं नाही. नेलीचं लग्न थॉर्नडेलच्या हॅरॉल्ड सग्डनशी झालं होतं आणि हॅरॉल्ड त्या वेळी फ्रान्समध्ये खंदकात होता. थॉर्नडेल आमच्यापासून सात मैल. मावशीची हद्द पाच मैल; त्यापलीकडे जायला तिला पोलिसांचा परवाना लागायचा.

ही हद्द कसली, ते सांगायला हवं. हॅनामावशीचा जन्म गिरणीच्या मागच्या गल्लीतला. सुईण ती; अर्ध्या कार्लबीला जगात आणलं ते तिच्या हातांनी, म्हणून सगळ्या गावाची ती मावशी. माझी चारही मुलं तिनंच आणली. पण तिनं लग्न केलं होतं गॉटलीब व्होग्लरशी. हा सतराव्या वर्षी जर्मनीतून आला, आमच्या चौकात डुकराच्या मांसाचं दुकान घातलं. त्याच्यासारखे मांस भरलेले भाजके कानवले आजही कुणाला जमत नाहीत. शिव्या आमच्या बोलीत द्यायचा, वजनं मात्र जर्मनमध्ये मोजायचा. युद्धाच्या आठ वर्षं आधी तो वारला. पण जर्मनाशी लग्न केलेली बाई जर्मन असं आमचा कायदा म्हणत होता, आणि विधवा झाली तरी ती जर्मनच. अर्ज करून पुन्हा इंग्रज होता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

युद्ध सुरू झालं त्याच महिन्यात ती परकी म्हणून नाव नोंदवायला आली, तेव्हाही मीच टेबलावर होतो.

"राष्ट्रीयत्व?" मी विचारलं.

"तू विचारतोस मला हे?"

"मावशी, मला 'जर्मन' लिहावं लागेल."

"लिही बाबा. नीट लिही पण. शाळेत तुझं शुद्धलेखन कसं होतं ते तुझ्या आईनं सांगितलंय मला."

दोघंही हसलो होतो. तेव्हा हसू येत होतं. पुढं कळल्यावर तिनं पुन्हा इंग्रज होण्यासाठी लंडनला अर्ज धाडला, उत्तर आलं नाही. थॉर्नडेलला जायचं असलं की ती चौकीत यायची, मी परवान्यावर सही करायचो, ती पिशवीतून कधी जवाची पोळी काढून टेबलावर ठेवायची.

मग मे महिन्यात जर्मनांनी भर समुद्रात प्रवाशांचं जहाज बुडवलं. बायका, तान्ही मुलं, सगळी गेली. तीनच दिवसांत आजूबाजूच्या गावांत जर्मन दुकानं फुटू लागली. आमच्या चौकातलं व्होग्लरचं जुनं दुकानही फोडलं. ते केव्हाच एका यॉर्कशायरच्या माणसानं विकत घेतलं होतं, पण दारावरच्या टाइलमधलं नाव त्यानं काढलं नव्हतं. बिचारा रस्त्यात उभा राहून ओरडत होता, "अरे, मी तुमचाच आहे!" सॉसेजच्या माळा गळ्यात घालून पोरीबाळी नाचत होत्या. त्यात माझ्या ओळखीच्या पुष्कळ होत्या.

शनिवारी हुकूम आला. यापुढे परवान्यावर सही फक्त मोठ्या साहेबांची.

"तर माझी सही आता चालत नाही," मी मावशीला म्हणालो. "साहेब ब्रॅडफर्डला गेलेत, दंगलीच्या बंदोबस्ताला. मी फोन लावतो."

फोन लावला. पलीकडचा कारकून म्हणाला, साहेब बाहेर आहेत, दुपारी विचारा.

"दुपारी?" मावशी म्हणाली. "पायाळू मूल दुपारपर्यंत थांबत नसतं रे. पाय बाहेर येतात, मग डोकं अडकतं. त्या वेळी दोन बोटं कुठं घालायची हे ठाऊक असलेलं माणूस तिथं लागतं. तू डोळे मीट, एमस. मी गेले असं समजूच नकोस."

दहा मिनिटं ती बाकावर बसली. मग उठून म्हणाली, "जरा वारा खाऊन येते." पिशवी उचलली आणि निघाली. मी खिडकीतून तिला ट्रॅमच्या थांब्याकडे जाताना पाहिलं. मी हाक मारली नाही. त्या दिवशी मी केलेली चांगली गोष्ट तेवढीच.

ट्रॅमचा शेवटचा थांबा आमच्यापासून पाच मैलांच्या जरा पुढं होता. तिथून टेकडीवरून दीड-दोन मैल पायी जायचं. तिथं ती उतरली तेव्हा विणकाम गिरणीच्या बायका दारात उभ्या होत्या. आदल्याच महिन्यात त्या गल्लीतली अकरा मुलं आघाडीवर जर्मनांच्या विषारी वायूनं गेली होती. कुणीतरी तिला ओळखलं.

"अगं, ही व्होग्लरची बायको! पळून चाललीय!"

पिशवी हिसकावली. कात्री निघाली, दोरा निघाला, हात धुवायच्या औषधाची बाटली निघाली.

"बघा, बाटली बघा! पाण्यात विष घालायला निघालीय थेरडी!"

मला हे नंतर कॉन्स्टेबल ग्रीनवुडनं सांगितलं. त्यानं तिला गर्दीतून ओढून काढलं नसतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. साडेदहाला तो तिला चौकीत घेऊन आला. टोपी गेली होती. पांढऱ्या केसांत चिखल होता.

"माणसं जमलीत बाहेर, सार्जंट," ग्रीनवुड म्हणाला. "पाचसहा जणांनी नावं दिलीत साक्षीदार म्हणून. हद्द ओलांडली एवढं तर खरंच आहे."

एकदा नाव लागलं, साक्षीदार लागले, की मग गोष्ट आपल्या हातात राहत नाही. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"एमस," मावशी म्हणाली, "काय शिक्षा असेल ती उद्या दे. महिना दे, वर्ष दे. मी पळून कुठं जाणार? आज मला सोड. ग्रीनवुडला बरोबर दे. बेड्या घाल हवं तर, तिथं पोचलं की काढ."

"मावशी, माझी नोकरी जाईल."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. अवघडलेली बाई "मला जमणार नाही" म्हणून रडायला लागली की ती जशी बघायची, तशी बघत होती.

"चार मुलं आहेत तुला," ती म्हणाली. "मला माहीत आहेत."

मी तिला मागच्या कोठडीत नेलं आणि बाहेरून कडी घातली.

दोनला साहेब फोनवर सापडले. मी सगळं सांगितलं. पायाळू मूल, डॉक्टर नाही, नवरा आघाडीवर, बाई इथलीच जन्मलेली. साहेब थकलेले होते, मागं काचा फुटल्याचे आवाज येत होते. म्हणाले, "सार्जंट, ज्या बाईनं सकाळी हद्द ओलांडली तिला दुपारी परवाना देऊ? उद्या वर्तमानपत्रात काय छापून येईल?" आणि फोन ठेवला.

मी कोठडीशी गेलो. ती बाकावर ताठ बसली होती, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. मी "नाही" म्हणालो. तिनं मान हलवली.

"किती वाजले?"

"सव्वादोन."

"आता तिला भिंतीला पाठ लावून बसवायला हवं," ती म्हणाली. स्वतःशीच. "टॉर्डॉफ बसवणार नाही. ती निजवूनच ठेवते."

पाचला तार आली. मी कडी काढली. मी तार पुढं केली, पण तिच्याजवळ चष्मा नव्हता. तोही ट्रॅमपाशी फुटला होता. मग वाचावीच लागली. नेली तीन वाजता गेली. मुलगी झाली, जिवंत आहे.

"पोरगी रडली का लगेच?" मावशीनं विचारलं.

"ते तारेत नाही लिहिलेलं."

"नाही लिहीत," ती म्हणाली. मग तिनं वर केलेल्या बाह्या खाली केल्या, एकेक बटण लावलं. एक बटण काही लागेना. मी लावायला पुढं झालो तर तिनं हात मागं घेतला.

शुक्रवारी दफन होतं. त्यासाठीचा अर्ज मी गुरुवारी पाठवला आणि परवाना संध्याकाळच्या टपालानं हजर. दफनाला साहेबांची हरकत नव्हती. अट एवढीच की पोलीस सोबत हवा आणि सहाच्या आत परत. सोबत मीच गेलो. जाताना त्याच थांब्यावर उतरलो. माझा गणवेश बघून कुणी तोंड उघडलं नाही. टेकडी चढताना ती एकदाही थांबली नाही. मला मात्र धाप लागली.

थॉर्नडेलच्या चॅपलमागं सारं पार पडलं. लोक पांगले, तेव्हा नेलीची सासू मार्था सग्डन तान्हं मूल घेऊन आमच्याकडे आली. तिचे डोळे सुजले होते.

"दाराकडे बघत होती गं शेवटपर्यंत," मार्था म्हणाली. "मावशी आली का, मावशी आली का. दुपारपर्यंत तेच. का नाही आलीस, हॅना?"

"परवाना मिळाला नाही."

"परवाना? आपल्या पोरीकडे यायला परवाना?"

मार्थानं माझ्या गणवेशाकडे बघितलं आणि हळूहळू तिच्या लक्षात येत गेलं.

"तो कागद फिरत होता रविवारी," ती म्हणाली. "जर्मनांना मोकळं सोडू नका म्हणून. चॅपलच्या दारातच टेबल मांडलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. पण तो तुझ्यासाठी नव्हता, हॅना! तो जर्मनांसाठी होता."

"हो," मावशी म्हणाली. "दे तिला जरा इकडे."

तिनं मूल घेतलं. थडग्यांच्या कडेच्या दगडी भिंतीवर बसली, दुपटं सोडलं, पोटाची पट्टी बघितली. "फार आवळलीय," म्हणत तिनं ती उकलून नव्यानं बांधली. पोरगी रडायची थांबली.

"नाव काय ठेवलं?"

मार्था खाली बघू लागली. "नेली म्हणाली होती, मुलगी झाली तर हॅना. पण लोक विचारतील ना गं, कुणाच्या नावावरून. हॅरॉल्ड तिकडे लढतोय. आम्ही मेबल ठेवलं."

"चांगलं आहे मेबल," मावशी म्हणाली, आणि मूल परत दिलं.

"बघायला येत जा तिला," मार्था म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे... सगळं निवळल्यावर."

मी घड्याळ काढलं. मावशी न सांगता उठली.

आता मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पूर्ण पेन्शन मिळतं. पुन्हा युद्धाचं बोलणं सुरू झालंय, चौकीत परक्यांच्या नोंदीच्या नव्या वह्या आल्यात असं ऐकतो. बायको म्हणते, तू एकटा काय करणार होतास. खरंच आहे. पण कोठडीची कडी दुसऱ्या कुणी घातली नव्हती. मावशी गेली ती युद्ध संपायच्या आदल्या हिवाळ्यात. त्या शुक्रवारनंतर तिनं कुणाचंही बाळंतपण केलं नाही. पहिलं वर्ष कुणी बोलावलं नाही. पुढं दोन बायकांनी बोलावलं, तेव्हा ती गेली नाही.

त्या संध्याकाळी आम्ही साडेपाचला परतलो. परवाना परत जमा करावा लागतो. मागच्या बाजूला रकाने असतात, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. मी भरत गेलो. शेवटच्या रकान्यापाशी माझा टाक अडला.

"काय आहे?" मावशीनं विचारलं. चष्मा नसल्यामुळे तिला वाचता येत नव्हतं.

"ज्या कामासाठी प्रवास केला ते पूर्ण झालं का, असं विचारलंय."

तिनं टेबलाची कड धरली.

"झालं लिही," ती म्हणाली. "सहा वाजायच्या आत मला घरी पोचायचंय."