सातव्या नळीची कडी

अकरा काचेच्या नळ्या, दहा पितळी कड्या, दोन टाक्या, चार कॅमेरे आणि पाण्याला टोचायची एक सुई. मिस्त्रीने सगळं दोनदा मोजलं. झडपेवर त्याने काल पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली होती, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. रेघ जागच्या जागी होती.

"काय शोधताय काका?" कॅमेऱ्यामागून संशोधक मुलीने विचारलं. ती त्याच्या लेकीच्या वयाची. तरी तो तिला मॅडमच म्हणे.

"चोर."

ती हसली नाही. वीस फेऱ्यांपैकी चौदा वेळा, सुई टोचायच्या आधीच पाणी खवळलं होतं. दर वेळी सातव्या नळीच्या कडीपुढे.

"टाकीतलं पाणी नीट निवलं होतं का, हलायचं थांबेपर्यंत?" त्याने विचारलं.

"अठरा तास ठेवलं होतं."

"मग तुमचा कॉम्प्युटर तपासा."

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. नळीच्या छेदात लाल-निळे पट्टे फिरत होते. "ही खळबळ नुसता गोंधळ नाही. समीकरणांतून तिच्या ठरलेल्या आकृत्या निघतात. पाणी एकीच्या जवळ जातं, तिथून दुसरीकडे, पुन्हा पहिलीजवळ. टिकत कुठेच नाही."

"पत्ता विचारत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं."

"तसंच. पण पाहुणा निघाला कुठून हे मला माहीत हवं. याच वेगाला पाणी शांतही वाहू शकतं आणि खवळूही शकतं. मध्ये एक कड आहे. पुरेसा धक्का बसला की पाणी कडेपलीकडे जातं. तो धक्का माझ्या सुईचा हवा, दुसऱ्या कशाचा नको."

दुसऱ्या कशाचा म्हणजे कोणाचा, हे त्याला बरोबर कळलं. प्रयोगशाळेचे प्रमुख सर परवाच म्हणाले होते, "सांधे खराब निघाले तर नळी बाहेरून करून घेऊ. मिस्त्रींना भांडारात बसवू." बावीस वर्षं कड्या त्यानेच घासल्या होत्या. कडी नळीच्या तोंडाला बसवायची, करंगळी आत घालून नख फिरवायचं; सांध्यातली पायरी नखाला लागली नाही की काम झालं. व्यास मोजायचं गेज पेटीतच राहायचं. हिचे आकडे जुळत नाहीत, आणि खापर फोडायला हिला डोकं हवंय, अशी त्याची खात्री होती.

"एक करू," तो म्हणाला. "सातवी नळी कडीसकट तिसऱ्या जागी लावतो, तिसरी सातव्या जागी. खळबळ सातव्या जागीच राहिली, तर दोष तुमच्या मांडणीत."

"आणि तिसऱ्या जागी गेली तर?"

"जाणार नाही."

नळ्या त्याने एकट्याने बदलल्या. मग पाणी पुन्हा अठरा तास निवलं. दुसऱ्या दिवशी तो पडद्याकडे कमी आणि तिच्या हातांकडे जास्त बघत बसला. तिचे हात मांडीवरच होते.

वीस फेऱ्या झाल्या. पंधरा वेळा पाणी खवळलं, तिसऱ्या जागी.

त्याने स्वतःची बोटं उलटसुलट करून पाहिली. गेल्या महिन्यात बायकोने त्याचा हात धरून विचारलं होतं, "अहो, केवढा फोड आलाय, भाजलेलं कळलं नाही तुम्हाला?" कामावर डाग देताना, तापल्या लोखंडाचा चटका बसला, असं त्याने ठोकून दिलं होतं. खरं तर बोट कधी भाजलं हे त्यालाच कळलं नव्हतं.

त्याने पाणी सोडून दिलं, नळी उतरवली आणि कडीत करंगळी फिरवली. गुळगुळीत. त्याने नळी तिच्यापुढे धरली.

"तुम्ही बघा."

तिने करंगळी आत घातली. नख एकदा फिरवलं, मग पुन्हा, आणि बोट आतच ठेवून ती थांबली.

"सरांना सांगू या, बदलताना कडी सरकली," ती हळूच म्हणाली.

"बदलायच्या आधी चौदा वेळा खवळलं ते?" त्याने पेटीतून गेज काढलं. "आणि कडी सरकायला ती काय खुर्ची आहे? मीच घासलीय ती. जास्त घासलीय."

"काका, कोणी विचारलेलं नाही अजून."

"विचारतील. वही घ्या."

त्याने गेज आधी नळीत घातलं, मग कडीत. प्रत्येक माप तीनदा घेतलं. तारीख तिने घातली होती. शेजारी 'मोजणारा' या रकान्यात त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहायला लावलं.

"लिहा. जास्तीत जास्त चालण्याजोगी पायरी, शून्य पूर्णांक शून्य दोन मिलिमीटर."

"लिहिलं."

"नळीचा आतला व्यास, वीस पूर्णांक शून्य शून्य. कडीचा, वीस पूर्णांक तीन आठ. पायरी, शून्य पूर्णांक एक नऊ."