दिव्यांच्या दांडीवरचं लिंबू

शेंदूरजनाघाटची संत्र्यांची लॉरी अमरावतीच्या अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे, दिवेलागणीलाच आंधळी झाली. पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले. मागे तणसावर मनकर्णाबाईची लेक सिंधू कालपासून वेणा देत होती. पहिलटकरीण पोर, मूल आडवं. दुपारी गोदाबाई सुईणीनं हात टेकले होते. "मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर झाला तं दोघंही जातीन."

"काहून थांबले, भावजी?" मनकर्णाबाई मागून ओरडली.

"दिवे गेले, वैनी." तिचा धाकटा दीर किसनराव केव्हाच खाली उतरला होता. लॉरी तोच चालवायचा.

नाल्याला पूल नव्हता. पाण्यातून एका लॉरीपुरती दगडी फरशी होती. जवळच्या कंदिलाच्या उजेडात आपले पाय दिसत, फरशीची कड नाही. किसनरावानं बॅटरी पाहिली, काचा उघडून आतले दिवे काढून पुन्हा बसवले. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! शेवटी कंदील दोन दिव्यांमधल्या लोखंडी दांडीपाशी गेला आणि किसनराव तिथंच वाकून राहिला.

"बोला ना!" मनकर्णाबाई खाली उतरून आली.

"काय बोलू? तुमीच पाहा."

दोन्ही दिव्यांकडे जाणाऱ्या तारेचा जोड त्या दांडीवर होता आणि नेमकं त्यावरच दृष्टीचं लिंबू घट्ट बांधलेलं. दर शनिवारी मनकर्णाबाई स्वतः नवं लिंबू टोचून तिथंच बांधायची. वर्षानुवर्षं रस जिरून जोडावरची चिंधी कुजली होती. आतल्या तांब्यावर हिरवा कीट चढला होता.

तिचा नवरा खुशालराव तापानं गेला, त्याच्या आदल्या शनिवारी लिंबू बांधायचं राहिलं होतं. तेव्हापासून त्या लिंबाला घरात कोणी हात लावत नसे. किसनरावानं एकदा ते नुसतं सरकवलं, तर आठवडाभर त्याला ताटाबरोबर बोलणीही खावी लागली. मग बिचारा त्या जोडाकडे फिरकेल कशाला? तिला खुळी म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी आपलं माणूस असं गमावून पाहा.

"घासा मंग!"

"दगडानं घासून राहिलो, तं तारेचे बारीक पदर तुटून राहिले. लढाईच्या दिवसात नवी तार कोन देते?"

मागून सिंधूचं कण्हणं येत होतं. तेही थांबलं. मनकर्णाबाईनं लिंबाकडे पाहिलं.

तांब्याचा कीट कशानं निघतो, हे देवाची भांडी घासत जन्म गेलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. पण दृष्टीचं लिंबू चिरायचं? ते चिरणाऱ्याच्या अंगावर सगळी पीडा येते, हे तिनंच घरभर सांगितलेलं.

"आणा, मी चिरतो," किसनराव म्हणाला.

"तुमचे लेकरं लहान हायेत. सरका."

तिनं लिंबू ओरबाडून काढलं, विळ्यानं चिरलं. "जे काई असन थे माया अंगावर ये," ती मोठ्यानं म्हणाली, "माया पोरीले सोड." मग ती घासत सुटली. बोटांच्या चिरांत रस झोंबत होता. हिरवं पाणी ओघळलं, खालून तांबं लाल दिसू लागलं. किसनरावानं डोक्याचा रुमाल सोडून नाल्याच्या पाण्यानं जोड धुतला, कोरडा पुसला, पिळून आवळला आणि वर रुमालाची चिंधी गुंडाळली.

बटण दाबलं. काही नाही.

"देवा!" त्यानं जोड पुन्हा आवळला.

दिवे लागले. फरशीची कड दगड न् दगड दिसू लागली आणि किसनरावानं लॉरी पाण्यात घातली.

तांबडं फुटता फुटता मोठ्या दवाखान्यात सिंधू मोकळी झाली. दोघंही वाचली. नर्सबाई बाळ घेऊन व्हरांड्यात आली, तेव्हा मनकर्णाबाई भिंतीपर्यंत मागे सरकली. नळाखाली तिनं हात कितीदा धुतले होते, तरी लिंबाचा वास गेला नव्हता.

"घ्या ना आजी, नातू झाला!"

"माया जवळ नका आनू, बाई. भावजी, तुमी घ्या. मी इथूनच पाहते."

नर्सबाईला काही कळेना. किसनरावाला कळलं. त्यानं बाळ घेतलं आणि तिला दुरून नीट दिसावं म्हणून कंदिलाच्या उजेडात धरून उभा राहिला.